बाईंचं सोवळं

त्या बाईंना सोवळ्याच्या म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांना जेवताना बघायला हवं होतं. संस्थेच्या मागं कडुनिंबाखाली उभ्यानं जेवायच्या. डाव्या बगलेत थर्माकोलचा बर्फाचा डबा, गळ्यात गजराचं घड्याळ, उजव्या हातात चमचा. ज्वारीची भाकरी चमच्यानं खाणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. भाकरी जेवणाच्या डब्यातच चमच्यानं चुरायच्या, वर वरण ओतायच्या आणि सात मिनिटांत उरकायच्या, कारण आठव्या मिनिटाला घड्याळ वाजायचं. हे कुणी केलं, कुणी वाढलं, ही चौकशी मी चार वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकली नाही. वॉचमन चाचांच्या घरून ईदचा शीरखुर्मा आला की पहिली वाटी यांचीच पुढं. आणि म्हणे सोवळं.

माझी मुलगी म्हणते, आई, रागात लिहू नकोस, आधी शांत हो. मी शांत झाले तर लिहिणारच नाही. शांत झालेली माणसं मी त्या संस्थेत लई बघितली.

मी किनवटकडची. तिकडून संभाजीनगर, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो, म्हणजे रात्रभराची गाडी. नवऱ्याला शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेक्यावर काम लागलं म्हणून आलो. माझी शाळा आठवीत दोन महिने जाऊन सुटलेली. गावापासून एवढ्या लांब, ओळख ना पाळख, त्यात ते दुष्काळाचे उन्हाळे. शेंद्र्याच्या रस्त्याला ही संस्था होती. मी लागले तेव्हा समोर तुरीचं रान होतं. पुढच्या वर्षी तिथं प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या, त्याच्या पुढच्या वर्षी सहा मजली बिल्डिंग. पाऊस पडत नव्हता, पण बिल्डिंगा मात्र जोरात येत होत्या. शिकलेली माणसं तिथं पेशींवर संशोधन करायची. माझं काम ठेक्यावर काच धुणं. बाटल्या, चंबू, नरसाळी, काचेच्या लांब नळ्या. सकाळी नऊला आत शिरले की मी नळाखाली आधी जाड फडकं अंथरायचे, आज काय फुटणार म्हणून.

पहिल्याच दिवशी त्या बाई दारात आल्या. त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे, मीही म्हणायचे. मनात मात्र बाईच म्हणते, कारण शाळेत ज्यांचा धाक आणि ज्यांच्यावर जीव, त्यांना आम्ही बाई म्हणायचो. मी धुतलेल्या बाटल्या पुसून, चकाकवून, ओळीनं मांडल्या होत्या. मनात होतं की शाबासकी मिळेल. बाईंनी एका बाटलीकडं वाकून बघितलं, तोंड भिंतीकडं वळवलं आणि म्हणाल्या, "हिला आतून हात लावलात? परत धुवा. आणि माझ्या बर्फाच्या डब्याला कधीच हात लावू नका."

हे वाक्य कसं लागतं, ते ज्यांना कधी ऐकावं लागलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. आमची माणसं विहारात जाणारी. हात लावू नको हे माझ्या आजीनं ऐकलेलं, आईनं ऐकलेलं. आईनं मला शहरात पाठवताना एवढंच सांगितलं होतं, की तिथं तसलं नाय. आणि इथं पहिल्याच दिवशी, पांढऱ्या कोटातल्या बाईकडून तेच. मी बाटल्या परत धुतल्या. रडत धुतल्या. दुसऱ्या दिवशी यायचं नाही असं ठरवलं आणि भाड्याचा विचार करून आले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. एका छोट्या नळीत त्यांनी काहीतरी थेंबभर घेतलं, स्वतःच्या हातातला मोजा काढला आणि स्वतःचं उघडं बोट त्या थेंबाला लावलं. मग तो थेंब आणि दुसरा न शिवलेला थेंब, दोन्ही एका चिकट वडीत घालून विजेवर चालवले. तास-दीड तासानं अंधाऱ्या पेटीत मला दाखवलं. न शिवलेल्या थेंबाच्या जागी दोन ठळक पट्टे चमकत होते. त्यांच्या बोटाच्या थेंबाच्या जागी नुसता धूर.

"हा माझा हात," त्या म्हणाल्या. "तुमचाही असाच. राष्ट्रपतींचाही असाच."

मग सांगितलं की माणसाच्या घामात, थुंकीत, कातडीवर एक द्रव्य असतं, ते आरएनए खाऊन टाकतं. आरएनए म्हणजे त्यांच्या कामाचा जीव. ते द्रव्य उकळलं तरी जात नाही, कारण तो किडा नाही, मरायला तो मुळात जिवंतच नाही. म्हणून काच भट्टीत चार-चार तास भाजावी लागते. म्हणून मोजे, म्हणून भिंतीकडं तोंड करून बोलणं, म्हणून उघड्या नळीवर श्वास रोखणं. मी भीत भीत विचारलं, "म्हणजे मॅडम, तुमच्या सोत्ताच्या हाताला बी तुम्ही नाय म्हणता?" त्या म्हणाल्या, "सगळ्यात आधी."

बाई वैजापूरच्या. वडील बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलायचे. आमच्यासारखेच विहारात जाणारे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, चाचांनी सांगितलं. बाईंना स्वतःबद्दल काही सांगायची सवयच नव्हती. हातात दोन रंगांचे मोजे घालायच्या. डाव्यात निळा, तो दाराच्या मुठीसाठी, फोनसाठी, जगासाठी. उजव्यात पांढरा, तो कामासाठी. सवय एवढी भिनलेली की मोजे नसले तरी दार कोपरानं उघडायच्या. एकदा एका लग्नात आम्ही दोघी होतो, तर हळद लावायला बायका आल्या आणि ह्या दोन्ही हात वर धरून उभ्या, पोलिसांनी पकडल्यासारख्या. कुणी काहीही बोललं की त्यांचा एकच प्रश्न, "कशावरून?" उद्या सुट्टी आहे म्हटलं तरी कशावरून. संस्थेत त्यांना मागून बरफवाली म्हणायचे. कौतुक करायच्या नाहीत. चार वर्षांत एकदा म्हणाल्या, आजची काच बरी होती, आणि मी ते घरी जाऊन दोनदा सांगितलं.

पण ह्याच बाईंनी भांडाराच्या माणसाशी पंधरा दिवस भांडून माझ्यासाठी छोट्या मापाचे मोजे मागवले. तो म्हणायचा, धुणाऱ्या बाईला काय करायचंय माप. ह्या म्हणाल्या, हात छोटा आणि मोजा मोठा ही चूक हाताची नाही. माझ्या हातात हिरवा चुडा होता. आधीच्या एका संशोधक बाईनं तो काढायला सांगितला होता. ह्यांनी काढायला लावला नाही. बांगड्या वर सरकवून त्यावर बाही ओढायची आणि चिकटपट्टी लावायची, हे त्यांनी मला स्वतः करून दाखवलं. आणि त्यांच्या वहीत प्रत्येक प्रयोगाच्या तारखेखाली एक ओळ असायची, काच कुणी भाजली. तिथं माझं नाव. मावशी नाही, ठेक्याचा नंबर नाही. आडनावासकट नाव.

त्यांचं काम काय होतं ते मी विचारलं नसतं, पण भट्टी थंड व्हायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात त्या सांगायच्या. माझ्यासारखीला का सांगत होत्या, देव जाणे. बहुतेक मी कंटाळत नाही हे त्यांना कळलं होतं.

म्हणायच्या, आपल्या पेशीच्या मधोमध एक मोठं पुस्तक आहे. ते जागेवरून हलवायचं नाही, म्हणून त्यातल्या हुकुमाची नक्कल उतरवून बाहेर पाठवतात. बाहेर कामगार ती नक्कल वाचतात आणि माल तयार करतात. नक्कल म्हणजे आरएनए. आता एखादा हुकूम पाळायचा नसेल तर पुस्तक फाडायचं का? नाही. वाटेत नक्कल गाठायची. त्यासाठी प्रथिनं ठेवलेली आहेत. डायसर म्हणून एक आहे, ते लांब दोऱ्याचे बारके तुकडे पाडतं, एकवीस-बावीस अक्षरांचे. आर्गोनॉट म्हणून दुसरं, ते त्यातला एक तुकडा मुठीत धरून फिरतं. मुठीतल्या अक्षरांशी जुळणारी नक्कल दिसली की एक तर ती कापतं, नाहीतर दाबून ठेवतं. पुस्तक शाबूत राहतं, पण ते पान मुकं.

"माणसात हे आर्गोनॉट चार भाऊ," बाई म्हणायच्या. "कापायचं काम मुख्यतः एकाचं. सगळं जग त्याच्या मागं लागलंय. बाकीचे नुसते दाबून ठेवतात, त्यांच्याकडं कोण बघतं? मी बघते."

त्या पेशींच्या रसातून एकेका भावाला पकडायच्या, इतरांपासून वेगळा काढायच्या आणि मग त्याची मूठ उघडून बघायच्या की चिठ्ठी कुठली आहे. चिठ्ठी म्हणजे तो एकवीस-बावीस अक्षरांचा तुकडा. कुणाचं एक बोट लागलं की चिठ्ठी गेली, महिन्याची मेहनत गेली. एवढं साधं होतं. सातवी पास बाईला समजलं. डॉक्टरेट केलेल्यांना का समजलं नसेल, ह्याचा मी अजून विचार करते, आणि मला वाटतं समजलं होतं.

मी एकदा विचारलं, दाबून ठेवलेलं पान परत बोलतं का. बाईंनी घड्याळ थांबवून माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, "कधी कधी बोलतं. कापलेली नक्कल मात्र गेली ती गेली."

आता पाण्याचं सांगते, कारण संचालकांचा पहिला राग तिथला.

प्रयोगाला ऊर्ध्वपातन केलेलं पाणी लागतं. म्हणजे पाणी उकळून वाफ करायची आणि वाफ थंड करून परत पाणी. वाफ थंड करायला काचेच्या नळीभोवती गार पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं, आणि ते सरळ मोरीत जातं. एक बाटली शुद्ध पाण्यापायी बादल्याच्या बादल्या गटारात. दुष्काळात. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं, टँकर आला की बायका अंगावर धावायच्या, आणि संस्थेत हे चांगलं, कोमट, स्वच्छ पाणी मोरीत चाललेलं. वर्षानुवर्षं चाललेलं. कुणालाच दिसलं नव्हतं. बाईंनी एका सकाळी मोरीच्या तोंडाला रबरी नळी जोडली, ती खिडकीतून बाहेर काढली आणि खाली दोन निळे पिंप ठेवले. समोरच्या बिल्डिंगच्या कामावरच्या बायका पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या. त्या हंडे घेऊन येऊ लागल्या. मीही संध्याकाळी एक कॅन भरून न्यायचे. माझ्या पोरीनं त्या वर्षी जी अंघोळ केली ती बाईंच्या पाण्यानं केली, हे मी लपवणार नाही.

संचालकांनी महिन्याभरात बंद करायला लावलं. म्हणाले, प्रयोगशाळेचं पाणी बाहेर गेलं आणि कुणाला काही झालं तर जबाबदार कोण. बाईंनी लेखी उत्तर दिलं की हे पाणी कशालाही न शिवता येतं आणि जातं, नळाचं पाणी जसं तसं. त्यावर उत्तर आलं नाही. पिंप उचलले गेले. पाणी परत मोरीत. तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्यादेखत चिडल्या. ओरडल्या नाहीत. मोरीपाशी उभ्या राहून घड्याळ लावलं आणि एका मिनिटात किती वाहतं ते मोजलं. रोज मोजायच्या. रोज एका कागदावर लिहून संचालकांच्या टपालात टाकायच्या. काही मागणं नाही, मजकूर नाही, फक्त आकडा. हे वेडेपण म्हणायचं तर म्हणा. तो कागद नेताना शिपाई माझ्याकडं बघून हसायचा. मी हसले नाही.

आणि मग पाहुण्यांचा दिवस.

बाहेरून तीन-चार मोठी माणसं संस्था बघायला आली होती. संचालक त्यांना घेऊन फिरत होते. संचालक माणूस गोड बोलणारा. घराण्यात पूर्वी पौरोहित्य, मग वकिली, मग हे. भाषणात नेहमी सांगायचे की सोवळं-ओवळं आमच्या घरातून माझ्या आजीबरोबर गेलं. मी भाजलेल्या काचेचा ट्रे धरून कोपऱ्यात उभी होते. बाईंच्या टेबलावर बर्फात नळ्या रोवलेल्या, झाकणं उघडी, तीन आठवड्यांचं काम. संचालक म्हणाले, हे बघा, ह्याच त्या नळ्या, आणि उघडा हात पुढं केला.

"सर, हात," बाई म्हणाल्या.

ते हसले आणि हात पुढंच. बाईंनी मध्ये कोपर घातलं. आडवं, कुंपणासारखं. भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "मोजे त्या खोक्यात आहेत, सर. नाहीतर दोन पावलं मागं उभं राहा."

पाहुण्यांपैकी एकजण हसला. दुसऱ्यानं शहाण्यासारखे आपले हात खिशात घातले. संचालकांचे कान लाल झालेले मी बघितले. तेही हसले, मोठ्यानं, आणि म्हणाले, बघा, माझ्याच संस्थेत मला शिवायची बंदी. बाईंनी श्वास रोखून झाकणं लावायला घेतली. त्यांचं त्या माणसाकडं लक्षच नव्हतं. ते संचालकांना जास्त लागलं असावं.

त्या दिवसापासून कँटीनमध्ये तो शब्द सुरू झाला. बाईंचं सोवळं. कोण किती हसायचं. जे स्वतः चहाचा कप शिपायाच्या कपाशेजारी ठेवत नाहीत ते हसायचे. एका मजूर माणसाच्या मुलीला, जिच्या आईबापांनी हे सगळं सोसलं तिला, सोवळ्याची म्हणायचं आणि वर पुरोगामी म्हणून मिरवायचं. त्या दिवसांत माझ्या हातून दोन चंबू फुटले.

बाईंची नेमणूक वर्षावर्षाची होती. ती वाढवायची वेळ आली तेव्हा एक निनावी तक्रार निघाली. सदर शास्त्रज्ञ महिला सफाई कर्मचारी महिलेस भांड्यांना स्पर्श करू देत नाहीत, तिने स्पर्श केलेली भांडी पुन्हा धुवायला लावतात, ही जातीय वागणूक आहे. चौकशीला तीन माणसांची समिती बसली. सफाई कर्मचारी महिला म्हणजे मी.

आदल्या दिवशी संचालकांनी मला बोलावलं. चार वर्षांत पहिल्यांदा खुर्ची दिली. म्हणाले, घाबरू नकोस मावशी, आम्ही तुझ्या बाजूनं आहोत, तू फक्त खरं सांग. कागदावर माझ्यासाठी एक शब्द लिहिला होता, पीडित. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, व्हय म्हण आणि मोकळी हो, आपण इथं परके, आपलं काय वजन. त्याचंही चूक नव्हतं. त्याचा ठेका त्याच महिन्यात संपत होता. मी सबंध रात्र ती वाक्यं मनात फिरवली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हीच तर त्यांची हुशारी होती. मला भीती वाटली की मी खरं बोलेन आणि बाई जातील.

समितीच्या खोलीत तीनजण, लिहायला एक कारकून, आणि बाजूला खिडकीपाशी संचालक, नुसते बसले होते म्हणे. मला विचारलं, नळ्यांना हात लावू देत नव्हत्या हे खरं का. मी म्हटलं खरं, पण. ते म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. बर्फाच्या डब्याला? खरं. धुतलेल्या बाटल्या परत धुवायला लावल्या? लावल्या. माझा प्रत्येक पण तोंडात यायचा आणि ते पुढचा प्रश्न काढायचे. कारकून भराभर लिहीत होता. दहा मिनिटांत संपलं. कागद पुढं सरकवला, पेन दिलं.

मी म्हटलं, वाचते.

वाचायला मला वेळ लागतो, बोट ठेवून वाचते. ते घड्याळ बघत होते. वाचून झाल्यावर मी पेन टेबलावर ठेवलं. अध्यक्षांनी विचारलं, काय झालं, चुकीचं लिहिलंय का. मी म्हटलं, चुकीचं नाय साहेब, अर्धं आहे.

"विचारलं तेवढं लिहिलंय."

"मग आणखी विचारा."

"काय विचारू?"

"की त्या आणखी कुणाकुणाला हात लावू देत नव्हत्या."

कुणी विचारलं नाही. संचालक खिडकीपाशी बसूनच म्हणाले, मावशी, तुमच्या भल्यासाठीच चाललंय, तुम्हाला कळत नाही. मी त्यांच्याकडं मान वळवली. मी म्हटलं, "सर, पाहुण्यांसमोर त्यांनी तुम्हालाबी लावू दिला नाय. मी ट्रे धरून तिथंच उभी होते. ते ह्याच्यात लिहा, मग मी सही करते."

ते लिहिणार नव्हते. मग मी बसले. मी काही शूर बाई नाही, मला उठताच येत नव्हतं हे खरं. त्यांनी समजावलं, मग चढ्या आवाजात सांगितलं, मग मला तसंच सोडून दोघं चहाला गेले. पोरीची शाळा सुटायची वेळ झाली. शेजारणीला फोन करायला परवानगी मागितली तर म्हणाले, सही करा आणि जा. वीज गेली, पंखा थांबला. जेवणाची वेळ टळली. शेवटी तो कारकूनच कंटाळला. म्हणाला, साहेब, एक वाक्य लिहितो ना, काय बिघडतंय. अध्यक्षांनी हात झटकला. त्यानं मला विचारलं, काय लिहू, आणि मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं. सदर शास्त्रज्ञ संचालकांनाही हात लावू देत नाहीत, तसेच स्वतःचाही हात लावत नाहीत. मी वाचलं आणि खाली सही केली. तीन तास झाले होते.

त्या एका वाक्यानं तक्रार कोसळली. संचालकांनाही शिवू देत नाहीत म्हटल्यावर जातीचं कलम कसं लावणार, आणि तो कागद वर पाठवायचा कसा. तक्रार निकाली निघाली. आणि पुढच्याच आठवड्यात बाईंना पत्र मिळालं की निधीअभावी नेमणूक वाढवता येत नाही. निधी. त्याच महिन्यात संचालकांच्या खोलीला नवीन फरशी बसली. माझ्या ठेकेदारालाही अचानक माझी गरज उरली नाही. वह्या संस्थेच्या, गोठवलेल्या नळ्या संस्थेच्या, त्या मुठी, त्या चिठ्ठ्या, सगळं संस्थेचं. बाईंनी फक्त आपलं घड्याळ नेलं.

शेवटच्या दिवशी मी त्यांना समितीचं सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या खोक्यात पुस्तकं भरत होत्या. म्हणाल्या, वाक्य नेमकं काय लिहिलं ते सांगा. मी अक्षर न अक्षर सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मोज्यांचं कुठाय?"

मी म्हटलं, कसले मोजे.

"मोजे घालून तुम्ही चार वर्षं माझ्या सगळ्या नळ्यांना हात लावलात. सरांनाही मी मोजे दाखवले होते. मग हात लावू देत नाहीत हे वाक्य खरं कशावरून? तीन तास बसलात ताई, आणि त्यांचंच अर्धं वाक्य तुम्ही सरांना लावून आलात."

मला इतका राग आला की मी तिथून निघून गेले. माझं काम गेलं, नवऱ्याचे बोल खाल्ले, आणि ह्या बाई माझं वाक्य तपासतात. बसस्टॉपपर्यंत मनातल्या मनात भांडत गेले. रात्री जेवताना घास थांबला. बाई बरोबर होत्या. मी वाचवायला गेले आणि कागदावर त्यांना सगळ्यांना दूर ठेवणारी बाई करून आले. त्यांनी कुणालाच दूर ठेवलं नव्हतं. त्यांनी मोजे दिले होते, आणि माझे तर मापाचे.

सकाळी मी संस्थेत गेले. चाचांनी आत सोडलं. कारकुनाला म्हटलं, त्या वाक्यात एक शब्द घालायचा राहिलाय. तो म्हणाला, मावशी, फाइल बंद झाली, आता त्यात काही घालता येत नाही. मी म्हटलं, एकच शब्द. तो म्हणाला, एक अक्षरही नाही. मी आणखी दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेटवरच थांबवलं.

बाई आता कुठं असतात ते मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं हैदराबादला, कुणी म्हणतं वैजापूरला शाळेत शिकवतात. त्या संस्थेत अजून त्यांचा किस्सा सांगून हसतात, एक सोवळ्याच्या बाई होत्या म्हणून, असं मला चाचांनी परवाच सांगितलं. त्यांना पुरावा लागला तर ते ती फाइल काढतील, आणि तिच्यात माझ्या सहीवर ते अर्धं वाक्य आहे.

म्हणून ते इथं पुरं करते. फाइल कुणी उघडलीच तर माझं म्हणणं असं वाचावं: हातमोज्याशिवाय त्या कुणालाच हात लावू देत नव्हत्या, मला नाही, संचालकांना नाही, स्वतःला नाही. मोजे घातल्यावर सगळ्यांना.